जादा तास आणि रिकामी जीप

आमच्या शाळेचा दिवस एका तासानं लांबला, त्याला कारण आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा नातू. नातू नांदेडला शिकतो. त्याच्या शाळेच्या गॅदरिंगला अध्यक्ष गेले, तिथली शाळा संध्याकाळी साडेपाचला सुटते असं त्यांना कळलं, आणि आपल्या पोरांवर केवढा अन्याय होतो आहे या विचारानं ते बेचैन झाले. त्या शाळेला स्वतःच्या बस आहेत, दुपारचं गरम जेवण आहे, खेळायला हिरवळ आहे, हेही त्यांनी पाहिलं असणार. पण तिथून उचलून आणण्यासारखी वस्तू त्यांना एकच सापडली, साडेपाच. ती आणायला खर्च नव्हता.

मी आमच्या शाळेत गणित शिकवते. औंढ्याहून सिद्धेश्वर धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव लागतं. शाळा आठवी ते दहावी. अर्धी मुलं गावातली, अर्धी आसपासच्या वाड्यांवरची, कारण वाडीवरची शाळा सातवीला संपते. आमचे बाकीचे शिक्षक हिंगोलीत राहतात आणि मिळून एका गाडीनं रोज अप-डाऊन करतात. साडेचारची घंटा होते तेव्हा त्या गाडीचं तोंड आधीच हिंगोलीकडं वळलेलं असतं. माझा नवरा नोकरीला लातूरला, मला रोजचा प्रवास सोसत नाही, म्हणून मी गावातच खोली घेऊन राहते. हा माझा गुन्हा पुढं माझ्या चांगलाच अंगलट आला.

दिवाळीच्या सुट्टीआधी पालकसभा झाली. एरवी पालकसभेला पाच-सहा आया आणि चुकून आलेला एखादा बाप असतो. या वेळी हॉल भरला होता, कारण जादा तास फुकट मिळणार आहे ही बातमी गावात फिरली होती. अध्यक्ष बोलले. जग पुढं चाललं आहे, आपण साडेचारला घरी जातो, असं म्हणाले. टाळ्या झाल्या. एक बाई उठून म्हणाली, "घरी येऊन पोरगं मोबाइलच बघत ऱ्हातंय. शाळंत बसलेलं बरं." एक गृहस्थ म्हणाले, "एक काहून, दोन तास वाढवा ना." त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात होता आणि बापाकडं असं बघत होता की मलाच त्याची दया आली.

शिक्षकांच्या रांगेत मात्र टाळी वाजली नाही. आमच्या मराठीच्या सरांना अचानक मुलांच्या मनावरच्या ताणाची काळजी वाटू लागली. विज्ञानाच्या सरांना मुलांच्या डोळ्यांची काळजी वाटली. खेळाच्या सरांनी तर वाढत्या वयात मुलांनी सूर्यास्ताआधी घरी असावं असं आयुर्वेदात आहे म्हणून सांगितलं. हिंगोलीच्या गाडीचा उल्लेख कुणीच केला नाही.

मी उभी राहिले आणि सरळ विचारलं, की दिवसभरात जे शिकवून होत नाही ते शेवटच्या तासाला, भुकेल्या पोरांना, कसं शिकवायचं? नववी-दहावीला खिचडी नसते. सकाळी नऊला जीपमध्ये बसलेली पोरगी साडेपाचपर्यंत कशावर बसणार? मी जरा तावातच बोलले. मला ताव लवकर येतो.

तेवढ्यात मुलांच्या बाजूनं एक हात वर झाला. धरणाकडच्या वाडीवरची नववीतली मुलगी होती ती. तिला प्रश्न विचारायची खोड आहे. वर्गात मी एक गणित सोडवलं की ती त्यातून दोन नवी काढते, आणि त्यातलं एक तरी मला घरी नेऊन बघावं लागतं. ती म्हणाली, "सर, दिवस तर तेवढाच हाय. इकडं एक तास वाढला तर कुठूनतरी वजा होनार ना? कुठून होनार?"

हॉल हसला. हेडसर म्हणाले, "खाली बस." तिचा बाप तिसऱ्या रांगेत होता, तोही हसला आणि शेजाऱ्याला कौतुकानं म्हणाला, "पोरगं लई आगाव हाय." मग हात वर करून मत घेतलं. बापानंही हात वर केला. ठराव एकमतानं मंजूर झाला. माझा हात खाली होता, पण मी पालक नव्हते.

शेवटी जादा तास घ्यायचा कुणी, हा मुद्दा आला. हेडसरांनी हसून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम तर इथंच राहतात." हॉलनं पुन्हा टाळ्या वाजवल्या. ज्या एका बाईनं विरोध केला तिच्याच गळ्यात सगळा कारभार घालून सभा चहाला उठली. शिक्षकांच्या चेहऱ्यावरचा ताण तिथल्या तिथं नाहीसा झाला. आयुर्वेदाचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

दिवाळीनंतर जादा तास सुरू झाला. पहिल्या दिवशी त्याचं उद्घाटन ठेवलं होतं. नारळ फुटला, अध्यक्ष बोलले, हेडसर बोलले, वेळेचं महत्त्व या विषयावर एका पाहुण्यांनी भाषण केलं आणि ते संपेपर्यंत तास उलटून गेला होता. तो जादा तास त्यातल्या त्यात बरा गेला असं मी म्हणेन, कारण निदान पोरांना खोबरं मिळालं.

त्यानंतर मी आणि तीन वर्गांची पोरं. गावातल्या मुलांच्या आया भिंतीवरून डबे द्यायच्या. वाडीवरच्या मुली शेंगदाणे आणायच्या, आणि कुणाच्या ओढणीच्या गाठीत काय आहे याकडं फळ्यापेक्षा जास्त लक्ष असायचं. मी समीकरणं मांडायचे आणि पोरं जांभया द्यायची. कधीकधी मलाच जांभई यायची आणि मग अख्खा वर्ग हसायचा. हेडसर जाताना बजावून जायचे, "मुलांना कामात ठेवा मॅडम." आणि गाडीचा दरवाजा लावून घ्यायचे.

नववीच्या खिडकीतून समोरचा जीपचा स्टँड दिसतो. आता त्या जीपचं सांगावं लागेल, कारण अध्यक्षांनी, हेडसरांनी आणि अख्ख्या पालकसभेनं तिचा विचारच केला नव्हता.

वाडीकडं एसटी जात नाही. एक जीप आहे, ती चालवणाऱ्याला सगळे चाचा म्हणतात. हल्ली घरोघर मोटारसायकली झाल्या म्हणतात, पण त्या पोरांच्या हातात असतात, बाप जीपनंच हिंडतात. जीप घड्याळावर सुटत नाही, भरली की सुटते. त्यामुळं रिकाम्या जीपमध्ये पहिलं कुणी बसत नाही. जो पहिलं बसेल त्याला सगळ्यात जास्त वेळ बसावं लागतं, हे आमच्याकडच्या तान्ह्या लेकरालाही ठाऊक आहे. म्हणून माणसं चहाच्या टपरीवर, सलूनच्या बाकावर, कृषी केंद्राच्या पायरीवर पेंगत बसतात आणि एक डोळा जीपवर ठेवतात. दुसरं कुणी बसलं की मग उठायचं.

ही कोंडी रोज साडेचारला शाळेच्या मुली फोडायच्या. त्यांना कुठल्या टपरीवर बसायची मुभा नव्हती. शाळा सुटली की वाडीच्या सात-आठ पोरी तडक जीपमध्ये जाऊन बसायच्या. पोरी बसलेल्या दिसल्या की टपरीवरची माणसं उठायची, कृषी केंद्रातून खताची पोती निघायची, बायका बाजाराच्या पिशव्या घेऊन धावायच्या, आणि पाचच्या सुमारास जीप भरून निघायची. इतकी वर्षं हे असं चाललं होतं. ते पोरींमुळं चालतं हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, चाचा सोडून.

आता पोरी खिडकीत होत्या आणि जीप रिकामी होती. रोज मला तो तमाशा दिसायचा. चाचा हाका मारून थकायचा. टपरीवरची माणसं एकमेकांकडं बघायची, बसा की, तुमी बसा की, माझं अजून एक काम ऱ्हायलंय. एका दिवशी चाचानं मागच्या सीटवर दोन पोती उभी केली, त्यांच्यावर टॉवेल गुंडाळले आणि एकाला आपली टोपी घातली. लांबून बघितलं तर दोन म्हातारे बसल्यासारखे वाटत होते. एक माणूस फसून जवळ आला, पोत्याला रामराम घातला आणि संतापून परत गेला. माझा वर्ग इतका हसला की मला समीकरण पुसून टाकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी चाचा शाळेच्या फाटकाशी आला. "मॅडम, पोरींना सोडा ना टायमावर," तो म्हणाला. "पोरी बसल्या की मानसं बसतात. खाली गाडीत कोन बसनार? मला तकलीफ, मानसांना तकलीफ." मी म्हटलं, ठराव झालाय, अध्यक्षांना सांगा. तो म्हणाला, "अध्यक्ष कधी जीपमधी बसले?"

थंडीचे दिवस. साडेपाचला शाळा सुटायची, पोरी धावत जाऊन बसायच्या, मग माणसं उठायची, आणि जीप निघेपर्यंत अंधार पडायचा. वाडीच्या रस्त्याला दिवे नाहीत. नववीतल्या त्या मुलीच्या बापानं पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, लेकरू अंधारात येनार असंल तर शाळा बंद. तिच्या मोठ्या बहिणीची शाळा अशीच कशावरून तरी सुटली होती. ती मला हे सांगत होती तेव्हा खिडकीतून जीपकडं बघत होती. "मॅडम, आज तरी कुनी बसलंय का बघा ना." मी बघितलं. कुणी बसलं नव्हतं.

मी हेडसरांकडं गेले. वाडीच्या मुलींना साडेचारला सोडू द्या म्हटलं. ते म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा पाहिजे, नाहीतर गावातली मुलं म्हणतील आम्हाला का नाही. समानतेबद्दल ते बराच वेळ बोलले. साडेचार वाजले तसे उठले आणि गाडीत बसून समानतेसकट हिंगोलीला गेले. मला इतका संताप आला की दुसऱ्या दिवशी मी कुणालाच न विचारता पोरींना वेळेवर सोडलं. त्या दिवशी जीप पाचला भरली. त्याच्या पुढच्या दिवशी मला समज देण्यात आली, प्रेमानं, अध्यक्षांच्या समोर, चहा पाजून.

डिसेंबर सुरू झाला आणि नववीतली ती मुलगी शाळेत यायची बंद झाली. तिची जागा खिडकीजवळची. बाकीच्या मुली सरकून बसल्या आणि दोन दिवसांत जागा भरली. मला मात्र वर्गात शिकवताना कुणी अडवत नाही हे सारखं जाणवत राहिलं. गणित सरळ सुटायचं, आणि सुटलं की पुढं काही उरायचंच नाही. मला तिची फार आठवण यायची, हे मी कुणाला बोलले नाही.

मी वाट बघत होते की वाडीतून कुणीतरी ओरड करेल. ओरड झाली, पण पोरीसाठी नव्हे. वाडीवर डेअरीची गाडी संध्याकाळी दूध न्यायला येते. जीप पाचला निघायची तेव्हा बापमंडळी वेळेवर पोचायची, धार निघायची, दूध गाडीत जायचं. आता जीप अंधारात पोचू लागली, तोवर गाडी निघून जायची आणि दूध घरातच राहायचं. आधी चार दिवस त्यांनी दही लावलं. मग खवा केला. मग शेजारच्या वाडीचेही लोक मिळून, बाजाराच्या दिवशी, अध्यक्षांच्या घरी गेले. मी तिथं नव्हते. ऐकलं ते असं की एक म्हातारा म्हणाला, "साहेब, तुमचा तास आमच्या म्हशीला परवडून न्हाई ऱ्हायला."

म्हशींना तास परवडत नाही म्हटल्यावर अध्यक्ष विचारात पडले. पुढं संस्थेची निवडणूक होती आणि वाड्यांवर मतं बरीच होती. संक्रांतीच्या आधी जादा तास रद्द झाला. हेडसरांनी परिपाठात जाहीर केलं, की मुलींच्या सुरक्षिततेचा सर्व बाजूंनी विचार करून शाळा पूर्ववत साडेचारला सुटेल. टाळ्या झाल्या. ज्या मुलीच्या सुरक्षिततेचा विचार झाला होता ती टाळ्या वाजवायला हजर नव्हती.

त्याच दिवशी मी पोरींबरोबर जीपमध्ये बसले. चाचानं माझ्याकडून भाडं घेतलं नाही. पोरी बसल्या, माणसं उठली, जीप भरली आणि उजेडातच वाडीवर पोचली. मी मनात भाषण तयार केलं होतं. आता शाळा पुन्हा साडेचारला सुटते, पोरगी उजेडात घरी येईल, तेव्हा उद्यापासून पाठवा. इतकं सोपं होतं की मला थोडी लाजच वाटत होती.

तिच्या घरी गेले तर बाप नव्हता. ती गोठ्यात धार काढत होती. मला बघून एकदम उठली, हात ओढणीला पुसले, आणि पुन्हा खाली बसली, कारण म्हैस पान्हा चोरते म्हणाली. आई शेतातून यायची होती. मी गोठ्याच्या दारात दगडावर बसले. तिनं विचारलं, "नववीचं कुठपर्यंत झालं?" मी सांगितलं. ती मनाशी काहीतरी मोजत राहिली आणि दुधाची धार बादलीत पडत राहिली.

डेअरीची गाडी आली, तिनंच दूध घातलं. आई आली, चहा झाला. अंधार पडला. बाप काही येईना. चाचा मला परत न्यायला जीप घेऊन थांबला होता आणि मधूनमधून हॉर्न वाजवत होता. शेवटी बाप आला, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून, पान खाऊन, अगदी निवांत.

मी माझं भाषण केलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, शाळा सुटती ते बराबर हाय. पन आता ती घरी हाय तर धार टायमावर होऊन राहिली. मला बाजारातून पळत यावं लागत न्हाई. आता परत कसं करायचं?"

 बाकीच्यांच्या म्हशींनी तास रद्द करवला होता. याच्या म्हशीला त्याची गरजच पडली नव्हती, तिची सोय आधीच झाली होती. जादा तास कुठून वजा झाला हे आता मला दिसत होतं, समोर बादली विसळत बसलेलं. मी ओरडले असते, पण लोकाच्या अंगणात बसून, त्यांचा चहा पिऊन ओरडता येत नाही.

ओरडायची गरज पडली नाही. ती बादली पालथी घालून आली आणि मला म्हणाली, "मॅडम, जीप आता पाचलाच निघती ना?"

"हो," मी म्हटलं. "मी तिच्यातूनच आले."

"मग बाबा अंधार पडल्यावर काहून येऊन ऱ्हायले?"

विचारण्यात राग नव्हता. वर्गात विचारायची तसंच विचारलं, गणितात चूक कुठं आहे ते बघायला. बाप पान चघळायचा थांबला. तिच्या आईनं चुलीपुढूनच त्याच्याकडं बघितलं, आणि ते बघणं बराच वेळ चाललं. तो म्हणाला, "बघतो." आमच्याकडं बघतो म्हणजे नाही. मी उठले आणि चाचाच्या रिकाम्या जीपमध्ये एकटी बसून परत आले. रस्ताभर मला रडू येत होतं आणि चाचा समोर बघून गाडी चालवत होता.

दोन-तीन दिवस ती आली नाही. मी खिडकीजवळच्या जागेकडं बघायचं सोडून दिलं होतं. मग एका सकाळी आईच तिला जीपमध्ये बसवून घेऊन आली, फाटकापर्यंत. मी विचारलं, मालक काय म्हणाले? ती म्हणाली, "काय म्हनतेत? मी म्हनलं, म्हैस तुमची हाय, तुमीच बसा तिच्याखाली." आणि डोक्यावरचा पदर सारखा करून बाजाराच्या दिशेनं निघून गेली.

पोरगी दीड महिना मागं पडली होती. तिला वर्गाबरोबर आणायचं तर रोज तासभर तरी जादा हवा होता. मी तो मधल्या सुट्टीत काढला, ती भाकरी खाता खाता आणि मी चहा पिता पिता. पहिल्याच दिवशी तिनं घास हातात धरून विचारलं, "मॅडम, जादा तास नको म्हनत होता ना तुमी?" मी म्हटलं, गप गिळ आणि पुढचं सोडव.

त्या दिवशी साडेचारला शाळा सुटली आणि मी मुद्दाम नववीच्या खिडकीत उभी राहिले. वाडीच्या पोरी रिकाम्या जीपमध्ये जाऊन बसल्या, ती सगळ्यात आधी. टपरीवरून माणसं उठली. पोती चढली, पिशव्या चढल्या. सगळ्यात शेवटी तिचा बाप धावत आला, एका हातात सरकीची पिशवी, आणि खालूनच चाचावर ओरडायला लागला, की धारेची वेळ झाली, डेअरीची गाडी निघून जाईल, जीप अजून उभी काहून करून ठेवली? चाचा काही बोलायच्या आत आतून तिचा आवाज मला खिडकीपर्यंत ऐकू आला.

"बाबा, आधी बसा. तुमच्यासाठीच थांबलीय."